बंगळूरचे घर, वेरूळचे पाटील

१६७७ च्या जुलै महिन्यात, तमिळ मुलुखात कोळ्ळिडम नदीच्या काठी तिरुमळवाडीला, दोन सावत्र भाऊ वडिलांच्या मिळकतीवर बोलायला बसले. वडील जाऊन साडेतेरा वर्षे झाली होती. थोरल्याचे म्हणणे महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावात, कोणत्याही वाड्यात ऐकू येईल असेच होते. वडिलांचे हत्ती, घोडे, जडजवाहीर, मुलूख सगळे तू एकट्याने ठेवलेस, आता माझा निम्मा वाटा दे. धाकट्याने होही म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. एका रात्री मोजक्या स्वारांनिशी तो छावणीतून निघून थेट आपल्या राजधानीला गेला.

थोरले होते शिवाजी महाराज. रायगडावर राज्याभिषेक होऊन त्यांना तीन वर्षे झाली होती. धाकटे व्यंकोजी, म्हणजे एकोजीराजे, तंजावरचे धनी. आणि वडील शहाजीराजे. ज्या मिळकतीवरून बोलणी फिसकटली तिच्यात एक मोठे शहर होते. ते शहर म्हणजे बंगळूर.

शहाजीराजे म्हटले की मराठी वाचकाला आठवते ते भातवडीची लढाई, निजामशाहीचा डाव, माहुलीचा वेढा. मग ते ‘कर्नाटकात गेले’ असे एक वाक्य येते आणि पडदा पडतो. पाठ्यपुस्तकात पुढचे पान शिवनेरीचे असते, तिथे मूल मोठे होत असते आणि वडील दूर कुठेतरी असतात. हे ‘दूर कुठेतरी’ तब्बल अठ्ठावीस वर्षांचे आहे. माहुलीचा तह १६३६ चा, मृत्यू १६६४ चा. जन्म काही जण म्हणतात तसा १५९४ चा धरला, तर सत्तर वर्षांच्या आयुष्यातली शेवटची अठ्ठावीस त्यांनी आजच्या कर्नाटकात आणि त्याच्या खालच्या मुलुखात काढली. भोसल्यांच्या तीन पिढ्यांचा इतिहास ज्या एका माणसाभोवती फिरतो, त्याच्या आयुष्याचा हा एवढा मोठा भाग आपण मराठी माणसांनी जवळपास सोडून दिला आहे. बंगळूरला नोकरीसाठी गेलेली लाखभर मराठी मुले ज्या रस्त्यांवरून रोज जातात, त्या रस्त्यांवर या घराण्याचा कर्ता पुरुष राहत होता, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. मला ते मनापासून खुपते.

घर मूळचे खेड्यातले, हे आधी सांगायला हवे. भोसल्यांकडे वेरूळची पाटीलकी होती, हिंगणी, बेरडी, देवळगाव या गावांशीही त्यांचे वतनाचे नाते होते. बाबाजी भोसल्यांचे मुलगे मालोजी आणि विठोजी. मालोजीराजांनी निजामशाहीत तलवार चालवली, वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला, शिखर शिंगणापूरला यात्रेकरूंना पाणी मिळावे म्हणून तळे बांधले. पाण्यावाचून तळमळणाऱ्या डोंगरावर तळे बांधणारा माणूस हा मुळात गावकारभारीच असतो, नंतर सरदार. अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराच्या कृपेने मुले झाली अशी श्रद्धा, म्हणून एकाचे नाव शहाजी, दुसऱ्याचे शरीफजी. शरीफजी १६२४ मध्ये भातवडीच्या रणात पडले. शहाजीराजांचे सासरे, सिंदखेडचे लखुजी जाधव, १६२९ मध्ये निजामशाहाच्या दरबारातच मुलांसह मारले गेले. पुढच्याच वर्षी आदिलशाही फौजेने पुणे जाळले आणि त्याच सुमारास दख्खनवर असा दुष्काळ आला की गावेच्या गावे ओस पडली. भाऊ, सासरे, जहागिरीचे गाव, सगळे हातातून गेलेल्या माणसाने १६३३ मध्ये संगमनेरजवळच्या पेमगिरीवर निजामशाही वंशातल्या एका लहान मुलाला गादीवर बसवले आणि तीन वर्षे मोगल व आदिलशाही अशा दोन्ही फौजांशी झुंज दिली. ती झुंज माहुलीला संपली. आदिलशाहीची चाकरी पत्करावी लागली आणि विजापूरने त्यांना मुद्दामच सह्याद्रीपासून लांब, रणदुल्लाखानाबरोबर दक्षिणेच्या मोहिमेवर धाडले.

हे धाडणे एक प्रकारची शिक्षा होती असे बहुतेक इतिहासकार मानतात. मला वाटते, शिक्षा झालेल्या माणसाने पुढे त्या जागेचे काय केले, हे पाहण्यासारखे आहे.

बंगळूर तेव्हा शंभर वर्षांचे होते. पहिल्या केंपेगौडाने १५३७ च्या सुमारास मातीचा कोट घालून, पेठा आखून, तळी खणून ते वसवले होते. १६३८ च्या आसपास ते त्याच्या वंशजाकडून आदिलशाही फौजेने घेतले. तो वंशज मागडीला गेला आणि बंगळूर शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर, शिरे हा मुलूखही पुढे त्यांच्याच अमलाखाली आला. स्थानिक नायक-पाळेगारांना मुळासकट उपटून टाकायचे नाही, त्यांना मांडलिक करून जागेवर ठेवायचे, वेळप्रसंगी त्यांच्या बाजूने विजापुरात शब्द टाकायचा, ही त्यांची रीत दिसते. गावच्या वतनदारीत वाढलेल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. गावात कोण कुठे बसतो, कोणाचा मान कुठला, कोणाला दुखावले तर वसूल बुडतो, हे त्याला ठाऊक असते. कुलकर्णी, देशकुलकर्णी, देशपांडे ही पदे कन्नड मुलुखातल्या महसूल व्यवस्थेत या काळात शिरली आणि मोडी लिहिणारे कारकून दक्षिणेच्या दफ्तरांत पुढे कित्येक पिढ्या दिसत राहिले.

राजांचा वाडा चिकपेटेत होता असे सांगतात, गौरीमहाल हे त्याचे नाव. चिकपेट मेट्रो स्टेशनातून वर आले की आज समोर येते ती रेशमी साड्यांची बाजारपेठ. पायाखाली पाणी साचलेल्या गल्ल्या, डोक्यावर वायरींचे जाळे, हातगाड्या, कन्नड-तेलुगू-मारवाडी-उर्दूची मिसळ. वाड्याचा दगडही दाखवता येत नाही. पण केंपेगौडाने आखलेली चिकपेट आणि दोड्डपेट यांची फुली अजून तिथेच आहे आणि त्या फुलीवर उभे राहिले की निदान एवढे कळते की राजांनी आपले बिऱ्हाड छावणीत ठेवले नव्हते, भर बाजारात ठेवले होते. 

या बिऱ्हाडाचे सर्वात जिवंत चित्र आपल्याला एका कवीने दिले आहे. जयराम पिंड्ये हा नाशिककडचा कवी, शहाजीराजांच्या औदार्याची कीर्ती ऐकून बंगळूरला आला. दरबारात गेल्यावर त्याने राजांपुढे बारा नारळ ठेवले. बारा का, असे विचारल्यावर त्याने सांगितले की मी बारा भाषांत कविता करतो. त्याचा ‘राधामाधवविलासचंपू’ हा ग्रंथ नावाप्रमाणे राधा-माधवाच्या कथेने सुरू होतो, मग शहाजीराजांच्या दरबारात शिरतो आणि शेवटी वेगवेगळ्या भाषांतल्या कवितांचा मेळा भरवतो. संस्कृत, प्राकृत, मराठी, हिंदुस्थानी, कानडी, दखनी मुसलमानी बोली, उत्तरेकडच्या बोली. दरबारी पंडित आणि खुद्द राजे कवींना समस्या घालतात, कवी त्या पुऱ्या करतात. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२२ मध्ये हा ग्रंथ प्रचंड प्रस्तावनेसह छापला. त्या प्रस्तावनेतले सगळेच निष्कर्ष आज टिकत नाहीत, तरीही शहाजीराजांना ‘शिवाजीचे वडील’ या चौकटीतून बाहेर काढून स्वतःच्या पायावर उभे करण्याचे काम राजवाड्यांनी केले, याबद्दल मराठी वाचकाने त्यांचे ऋणी राहायला हवे.

त्या बारा नारळांकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. वेरूळच्या पाटलाच्या घरातला माणूस, आयुष्यभर घोड्यावर, चार-चार सल्तनतींशी व्यवहार करून थकलेला, एका परक्या शहरात संध्याकाळी कवींच्या समस्या ऐकत बसतो. विजापूर, गोवळकोंडा, मदुरा, तंजावर, पुणे, उत्तर हिंदुस्थान, सगळीकडची माणसे तिथे येतात आणि आपापल्या भाषेत बोलतात. बंगळूर आज ज्या बहुभाषिकपणासाठी ओळखले जाते, त्याची एक जुनी बैठक या घरात भरत होती.

जिजाऊ आणि शिवाजीराजे या घरात राहिले, साधारण १६४० ते १६४२ च्या दरम्यान. काही बखरी शिवाजीराजांचे सोयराबाईंशी लग्न इथेच झाले असे म्हणतात. शिवाजीराजांचे थोरले सख्खे भाऊ संभाजीराजे आधीपासून वडिलांजवळच होते आणि सावत्र भाऊ एकोजी हे तुकाबाई मोहित्यांचे, तेही इथलेच. म्हणजे भोसल्यांचे सगळे घर एका छताखाली आले ते पुण्यात नव्हे, शिवनेरीवर नव्हे, तर बंगळूरला. आणि ते एकत्र राहिले फार तर दोनेक वर्षे. पुन्हा कधीच नाही.

त्यानंतर राजांनी जे केले ते मला त्यांच्या आयुष्यातले सर्वात मोठे काम वाटते. बारा वर्षांच्या मुलाला त्यांनी पुणे-सुप्याच्या जहागिरीवर पाठवले, ते नुसते आईच्या हाती देऊन नव्हे. श्यामराज नीलकंठ पेशवे, बाळकृष्णपंत हणमंते मुजुमदार, सोनोपंत डबीर, रघुनाथ बल्लाळ सबनीस अशी माणसे बरोबर दिली. हत्ती, घोडे, पायदळ, ध्वज, खजिना दिला, शिक्षक दिले. ‘शिवभारत’कार परमानंदाने ही पाठवणी मोठ्या कौतुकाने वर्णिली आहे. म्हणजे एक लहानसे पण पुरते राज्यच पाठवले. पुढे थोड्याच वर्षांत शिवाजीराजांच्या पत्रांवर जी अष्टकोनी संस्कृत मुद्रा उमटू लागली, तिच्यात शहाजीराजांचा मुलगा म्हणून त्यांची ओळख आहे. १६४६ च्या रांझ्याच्या पाटलाच्या निवाड्यापासून रायगडापर्यंत, महाराजांच्या मुद्रेने वडिलांचे नाव घेतल्याशिवाय कोणतेही पत्र पुरे झाले नाही. वडील बंगळूरला, मुलगा सह्याद्रीत, भेट वर्षानुवर्षे नाही, पण प्रत्येक कागदावर वडिलांचे नाव. याहून मोठी आठवण कोणत्या मुलाने ठेवली असेल?

मुलाने किल्ले घ्यायला सुरुवात केली आणि त्याची किंमत वडिलांना मोजावी लागली. २५ जुलै १६४८ च्या पहाटे जिंजीजवळच्या छावणीत मुस्तफाखानाने शहाजीराजांना कैद केले. पकडायला गेलेल्यांत मुधोळचे बाजी घोरपडे होते, म्हणजे मराठेच. राजांना विजापूरला नेले. एक फौज शिवाजीराजांवर पुण्याकडे गेली, दुसरी संभाजीराजांवर बंगळूरकडे. पुरंदरच्या पायथ्याशी धाकट्याने फौज परतवली, बंगळूरला थोरल्याने. पुरंदर आपल्याला पाठ आहे. बंगळूरच्या तटावर पंचविशीतल्या संभाजीराजांनी विजापूरची फौज मागे रेटली, त्याचा पोवाडा कोणी रचला नाही. १६४९ च्या मे महिन्यात राजांची सुटका झाली ती कोंढाणा, बंगळूर आणि कंदर्पी आदिलशाहाला सोडून द्यायच्या बोलीवर. एका मुलाने आपला सर्वात चांगला किल्ला दिला, दुसऱ्याने आपले शहर दिले. वडिलांसाठी दोन्ही मुलांनी हातातले सोडून दिले. बंगळूर पुढे भोसल्यांकडे परत आले.

सुटून आलेले राजे पूर्वीसारखे राहिले असतील का, हे कागद सांगत नाहीत. चाकरी त्यांनी सोडली नाही. उलट पन्नाशी-साठीत ते आदिलशाहीचे दक्षिणेतले सर्वात वजनदार सरदार झाले. या वर्षांचा एक भाग असा आहे जो आपल्याला वाचवत नाही, तरी तो सांगितलाच पाहिजे. विजयनगरच्या शेवटच्या वारसाशी, तंजावर-मदुरेच्या नायकांशी आदिलशाही फौजांच्या ज्या लढाया झाल्या, त्यांत तमिळ मुलूख भाजून निघाला. तिथल्या जेझुइट मिशनऱ्यांच्या पत्रांत १६६० च्या आसपासच्या दुष्काळाची, लुटीची आणि गावे सोडून पळणाऱ्या लोकांची वर्णने आहेत आणि त्या फौजांचे म्होरके म्हणून शहाजीराजांचे नावही आहे. स्वतःचे पुणे जळताना पाहिलेला माणूस दुसऱ्यांच्या गावांवर फौज घेऊन गेला. त्या काळच्या सरदाराला दुसरा मार्ग नव्हता, असे म्हणून ही गोष्ट पुसता येत नाही. कर्नाटकातला त्यांचा कारभार जपून केलेला आणि कावेरीकाठची मोहीम निर्दय, दोन्ही एकाच माणसाची.

संभाजीराजे १६५४-५५ च्या सुमारास कनकगिरीच्या वेढ्यात गोळा लागून गेले. अफजलखानाने मुद्दाम कुमक पोचू दिली नाही असा भोसल्यांच्या घरात समज होता. वयाच्या साठीत असलेल्या बापाने तिशीतला मुलगा गमावला, तो या समजाप्रमाणे आपल्याच बाजूच्या सरदाराच्या दगाबाजीमुळे, आणि त्यानंतरही त्याच दरबाराची चाकरी करत राहिला. १६५७ मध्ये पुरंदरावर शिवाजी महाराजांना मुलगा झाला, त्याचे नाव त्यांनी संभाजी ठेवले. आपण छत्रपती संभाजी महाराज म्हणतो तेव्हा कनकगिरीला पडलेल्या त्या काकांचे नावही घेतो, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. काकांची समाधी कोप्पळ जिल्ह्यात कनकगिरीला आहे. आणि १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली अफजलखान पडला, तेव्हा तो हिशेबही चुकता झाला अशी भोसल्यांची भावना असणार.

त्यानंतर बापलेकांची भेट झाली, १६६१-६२ च्या सुमारास, राजे आदिलशाहीच्या वतीने बोलणे करायला महाराष्ट्रात आले तेव्हा. बखरकार सांगतात, जेजुरीला खंडोबाच्या दारात तुपाच्या परातीत दोघांनी एकमेकांची प्रतिबिंबे पाहिली, मग समोरासमोर भेटले. ही कथा अक्षरशः खरी असेल असे नाही. पण मोठ्या ताटातुटीनंतरच्या भेटीला असा विधी लागतो ही समजूत आपल्या खेड्यांत अजून आहे, आणि बखरकाराने राजाच्या भेटीत तोच गावचा विधी घातला, हे महत्त्वाचे. त्याच्या मनात हे घर शेवटपर्यंत गावातलेच होते.

मृत्यूचा दिवस माघ शुद्ध पंचमी, शके १५८५, इंग्रजी तारीख २३ जानेवारी १६६४. बेदनूरकडच्या मोहिमेत राजे बसवापट्टणच्या भागात होते. होदिगेरेच्या रानात शिकारीच्या पाठीमागे दौडताना घोड्याचा पाय वेलीत अडकला, घोडा कोसळला आणि राजे जागीच गेले. जिजाऊ राजगडावर होत्या. महाराज तेव्हा सुरतेहून परतीच्या वाटेवर होते. मोगलांच्या श्रीमंत बंदराची लूट घेऊन गडावर आले आणि वडील गेल्याचे कळले. बखरकार सभासद सांगतो की जिजाऊ सती निघाल्या आणि महाराजांनी त्यांच्या मांडीवर बसून, गळ्यात हात घालून, शपथा घालून त्यांना परतवले. ज्या घरात नवरा-बायकोने आयुष्यातली बहुतेक वर्षे दोन वेगळ्या मुलुखांत काढली, तिथे हे घडले. जिजाऊ-शहाजी यांच्या नात्याविषयी आपल्याकडे पुष्कळ कादंबरीलेखन झाले आहे, दुरावा हाच त्याचा कायमचा सूर. सभासदाचा हा प्रसंग त्या सुरात बसत नाही, मला तो जास्त विश्वासाचा वाटतो.

होदिगेरे आज दावणगेरे जिल्ह्यात, चन्नगिरी तालुक्यात आहे. राजांची समाधी साधी आहे, मोकळ्या जागेत दगडी चौथरा. कन्नड गावकऱ्यांनी ती सांभाळली. महाराष्ट्रातून शिवभक्त जाऊ लागले आहेत, त्यांची संख्या वाढते आहे, सरकारी घोषणाही अधूनमधून होतात. मला तिथला साधेपणा गैर वाटत नाही. मात्र महाराष्ट्रातल्या शाळांच्या सहली वेरूळला लेणी बघायला जातात, जवळच मालोजीराजांची गढी आणि शहाजीराजांचे स्मारक आहे, आणि तिथल्या मुलांना या माणसाने देह कुठे ठेवला ते विचारले तर उत्तर येत नाही. हे बदलायला हवे.

आता वाटणीकडे. बंगळूर एकोजीराजांकडे आले होते. त्यांचा तिथला एक ठसा आजही हात लावून पाहता येतो. मल्लेश्वरमला संपिगे रस्त्याजवळच्या देवळांच्या गल्लीत काडू मल्लेश्वराचे देऊळ आहे. पायऱ्या चढून वर जायचे, जुन्या झाडांखाली नागांचे दगड, शिवरात्रीला मोठी गर्दी. समोर नंदीतीर्थ आहे, ते १९९७ मध्ये मातीखालून वर आले, नंदीच्या मुखातून पाण्याची धार खाली लिंगावर पडते. १६६९ च्या कन्नड शिलालेखात एकोजीराजांनी मल्लपुराच्या या देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याची नोंद आहे, आणि ते शहरातल्या लोकांच्या विनंतीवरून. शहाजीराजांना जाऊन पाच वर्षे झाली होती. मुलगा वडिलांच्या शहरात, वडिलांच्याच रीतीने, स्थानिकांच्या शब्दावरून स्थानिकांच्या देवाला गाव देत होता. मल्लेश्वरम या मराठी-कन्नड-तमिळ मध्यमवर्गाच्या लाडक्या वस्तीचे नाव ज्या देवावरून पडले, त्याच्या दप्तरात वेरूळचे भोसले असे बसले आहेत.

१६७५ च्या सुमारास एकोजीराजांनी तंजावर घेतले आणि राजधानी तिकडे नेली. घरचे जुने कारभारी हणमंते होते. शहाजीराजांचे विश्वासू नारोपंत हणमंते, त्यांचा मुलगा रघुनाथपंत. मालक बदलल्यावर जुन्या कारभाऱ्याचे आणि नव्या मालकाचे पटत नाही, तसे एकोजी आणि रघुनाथपंतांचे पटले नाही आणि रघुनाथपंत शिवाजी महाराजांकडे आले. दक्षिण दिग्विजयाच्या मागे जी कारणे होती, त्यांतले हे एक अगदी घरगुती. तिरुमळवाडीची बोलणी फिसकटली, महाराज उत्तरेकडे वळले. मागे राहिलेल्या संताजी भोसल्यांशी, म्हणजे शहाजीराजांच्याच आणखी एका मुलाशी, एकोजींची नोव्हेंबर १६७७ मध्ये लढाई झाली. भावाभावांत रक्त सांडल्यावर मात्र दोन्हीकडून मन नमले. एकोजींच्या पत्नी दीपाबाईंनी नवऱ्याची समजूत घातली असे बखरी सांगतात. रघुनाथपंत मध्ये पडले आणि तह झाला. बखरीत उतरलेल्या त्या तहात एक कलम बंगळूर आणि आसपासच्या मुलुखाचे आहे. हा दोन लाखांचा मुलूख, नीट चालवला तर पाच लाखांचा, महाराजांनी भावजय दीपाबाईंना चोळी-बांगडीसाठी दिला.

निम्म्या वाट्यासाठी फौज घेऊन आलेल्या दिराने शेवटी वडिलांचे शहर भावजयीच्या ओटीत घातले. वतनाच्या भांडणात बहिणीला, भावजयीला, विधवेला काहीतरी बाजूला काढून देऊन तंटा मिटवण्याची ही आपल्या गावांतली पंचांची युक्ती. एका छत्रपतीने तीच वापरली. महाराजांची व्यवहारबुद्धी इथे जेवढी दिसते तेवढी कित्येक लढायांत दिसत नाही. लांबचे शहर त्यांना तसेही सांभाळता आले नसते. दिले ते देण्याजोगे होते, आणि अशा हातात दिले की नाही म्हणायला कोणाला जागा राहिली नाही.

दीपाबाईंच्या घराकडेही ते राहिले नाही. तंजावरहून बंगळूर सांभाळणे जमेना, तेव्हा एकोजींनी म्हैसूरच्या चिक्कदेवराजाशी तीन लाखांना विक्रीची बोलणी लावली. सौदा पुरा होण्याआधी जुलै १६८७ मध्ये औरंगजेबाचा सरदार कासिमखान चालून आला आणि शहर घेतले. मग त्यानेच ते चिक्कदेवराजाला तीन लाखांना विकले. बंगळूरवरचा भोसल्यांचा जवळपास पन्नास वर्षांचा अंमल असा बाजारभावाने संपला.

पुढे तीन शाखांनी हा वडीलधारा आपापल्या परीने आठवला. सातारा-कोल्हापूरने त्यांना पहिल्या पानावर बसवले आणि पुढचे पान उलटले. तंजावरने मात्र ते नाव वापरात ठेवले. एकोजींच्या मुलाचे नाव शहाजी. १६८४ ते १७१२ तो तंजावरच्या गादीवर होता, संस्कृत, तेलुगू, मराठी, तमिळ चारही भाषांचा आश्रयदाता, आणि तिरुविसनल्लूर हे गाव त्याने विद्वानांना अग्रहार म्हणून दिले ते शहाजीराजपुरम् या नावाने. आजोबांच्या दरबारातल्या बारा नारळांचे वळण नातवापर्यंत सरळ पोचलेले दिसते. आणखी शंभर वर्षांनी, १८०३ मध्ये, सरफोजी दुसरे यांनी बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर भोसले घराण्याचा सबंध इतिहास मराठीत कोरवून घेतला. चोळांच्या देवळावर, तमिळ देशात, देवनागरी अक्षरांत एका मराठी घराची कुळकथा. घराण्याच्या स्मृतीसाठी दगडात इतके लांब लिहिलेले मराठीत दुसरे काही नाही.

बंगळूरमध्ये आठवण राहिली ती माणसांत. शहराच्या आसपास, कनकपुरा, मागडी, होसकोटेकडे मराठा कुटुंबे आहेत. कन्नडमध्ये त्यांना आरे म्हणतात, घरात एक जुनी मराठी बोलतात जिच्यात कन्नड क्रियापदे सहज मिसळतात. गवीपुरमला गोसावी मठ आहे, समाजाचे गुरुपीठ म्हणून त्याला मान आहे. गायकवाड, शिंदे, जाधव, पवार ही आडनावे दारांवर कन्नड लिपीत दिसतात. रजनीकांत, म्हणजे शिवाजीराव गायकवाड, १९५० मध्ये बंगळूरलाच अशा एका मराठी घरात जन्मले आणि सिनेमात जाण्याआधी इथल्याच बसमध्ये कंडक्टर होते. ही सगळी कुटुंबे शहाजीराजांबरोबर आली असे म्हणता येणार नाही. पुढे पेशव्यांच्या स्वाऱ्या आल्या, इंग्रज छावणी आली, प्रत्येक वेळी थोडी थोडी माणसे राहून गेली. पण वंशावळ विचारली की यांतले कित्येक जण शहाजीराजांपासून सुरुवात करतात. महाराष्ट्रातल्या मराठ्याची गोष्ट शिवनेरीपासून सुरू होते, यांची बंगळूरपासून.

‘राधामाधवविलासचंपू’ राजवाड्यांनी छापला त्याला शंभरावर वर्षे झाली. त्यातल्या कानडी कवितांवर कन्नड अभ्यासकांनी, दखनी कवितांवर उर्दू अभ्यासकांनी आणि मराठीवर आपण, असे एकत्र बसून त्याची नवी सटीप आवृत्ती काढली पाहिजे, आणि ती मराठीबरोबर कन्नडमध्येही निघाली पाहिजे. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने आणि बंगळूर-म्हैसूरच्या विद्यापीठांनी हे हातात घेण्याजोगे आहे. काडू मल्लेश्वराच्या शिलालेखाचा मराठी अनुवाद देवळाजवळ कन्नड मजकुराशेजारी लावता येईल, त्याला फार खर्च नाही. आणि ज्यांना एवढे थांबायचे नाही त्यांच्यासाठी: बंगळूरहून दावणगेरे किंवा शिवमोग्ग्यापर्यंत रेल्वे आहे, तिथून चन्नगिरीला एसटीसारख्याच सरकारी बसगाड्या जातात आणि चन्नगिरीत होदिगेरेची वाट कोणालाही विचारावी. तिथे राजांना शहाजी महाराज म्हणतात.